हेडला फेस मारण्यापूर्वी

ग्रामीण जीवनात डिझेल इंजिनाने केवढी जागा व्यापली आहे हे एरवी ध्यानात येत नाही. ते बंद पडले म्हणजेच ध्यानात येते. साताऱ्याजवळील कूपर कारखान्यातून १९३० च्या दशकात डिझेल इंजिने बाहेर पडू लागली, १९४६ मध्ये पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि पुढील काही दशकांत विहिरीच्या काठावरील इंजिनाचा ठोका हा खेड्याच्या सकाळचा एक भाग होऊन गेला. त्या विहिरींवर पुढे विजेच्या मोटारी आल्या, आता सौर पंपही येत आहेत. तथापि ट्रॅक्टर, पाण्याचा टँकर, एस. टी. च्या बहुसंख्य गाड्या, रुग्णवाहिका, रस्त्याच्या कामावरील यंत्रे आणि वीज गेल्यावर सुरू होणारे जनित्र ही सारी आजही मुख्यत्वे डिझेलवरच चालतात.

यांपैकी टँकरचा ट्रॅक्टर ऐन एप्रिलमध्ये तापून उभा राहतो. कारागीर इंजिन उघडतो आणि सांगतो, "हेड गेले आहे, फेस मारावा लागेल." सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी किंवा विभागाचा वाहनप्रमुख यांच्यापुढे एक अंदाजपत्रक येते. त्यात 'हेड फेसिंग' अशी एक ओळ असते आणि तिच्यापुढे रक्कम लिहिलेली असते. गावात पाण्याची ओरड चालू असल्यामुळे ती ओळ तशीच मंजूर होते. पंधरा दिवसांनी तेच इंजिन पुन्हा पाणी फेकू लागले, तर मात्र दोष नेमका कोणाचा, हे कोणासही सांगता येत नाही.

रस्त्याचे किंवा शाळेच्या खोलीचे देयक मोजमाप पुस्तिकेतील नोंदीवाचून निघत नाही. इंजिनाच्या हेडची बाब मात्र केवळ तोंडी शब्दावर निकालात निघते. वास्तविक हेडला फेस मारावा किंवा नाही हा प्रश्न अंदाजाने सोडविण्याचा नसून मोजून सोडविण्याचा आहे, आणि त्यासाठी लागणारी मोजमापे मंजुरी देणाऱ्यास यंत्रशास्त्र न शिकताही समजून घेता येतात.

झाकण आणि सांधा

सिलिंडर हा एक गोल कोठा मानला, तर हेड हे त्याचे झाकण होय. स्वयंपाकघरातील कुकर आणि त्याची रबरी रिंग डोळ्यांपुढे आणावी. कुकरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम इतका जादा दाब असतो. तरीही रिंग जराशी सैल झाली की वाफ निसटते. डिझेल इंजिनात हवा तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारे पंधरा ते बावीस पट दाबली जाते. त्या दाबानेच ती इतकी तापते की आत फवारलेले डिझेल ठिणगीवाचून पेटते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे यशस्वी करून दाखविलेल्या इंजिनाचे हेच मर्म होते. ज्वलनाच्या क्षणी दाब दर चौरस सेंटिमीटरला ८० किलोग्रॅम इतका धरला, तर दहा सेंटिमीटर व्यासाच्या एका सिलिंडरच्या तोंडाशी हेडला वर उचलू पाहणारा जोर सहा टनांहून अधिक भरतो. आजच्या टर्बो इंजिनांत तो याहूनही मोठा असतो.

हा जोर हेडचे बोल्ट पेलतात. आणि हेड व ब्लॉक यांच्यामधील गॅस्केट तीन गोष्टी एकमेकींपासून अलग ठेवते: पेटलेला वायू, थंड करणारे पाणी आणि वंगणाचे तेल. गॅस्केट थोडेसे दबते, पण त्याची सवलत मर्यादित असते. दोन्ही पृष्ठभाग सपाट असतील तरच ते आपले काम करू शकते. फेस मारणे म्हणजे हेडचा खालचा पृष्ठभाग यंत्रावर अगदी अल्प प्रमाणात कापून किंवा घासून पुन्हा सपाट करणे.

हेड वाकते ते बहुधा अति उष्णतेने. अर्ध्या मीटर लांबीचे बिडाचे हेड शंभर अंशांनी अधिक तापले, तर ते सुमारे ०.५५ मिलिमीटर वाढू पाहते; ॲल्युमिनियमचे तेवढेच हेड सुमारे १.१५ मिलिमीटर. परंतु बोल्टांनी ते जखडलेले असते आणि खालचा ब्लॉक त्या मानाने थंड असतो. वाढण्यास वाव न मिळाल्याने तापलेला धातू स्वतःतच दबतो, आणि निवताना आक्रसून हेडला बाक देतो. गोळा तापविल्यावर कड्यातून जात नाही हा शाळेतील प्रयोग येथे कोणास आठवल्यास ते योग्यच होईल. शिक्षकबंधूंना त्या प्रयोगाचे याहून परिचित उदाहरण क्वचितच सापडेल. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतणे आणि इंजिन गरम असतानाच हेडचे बोल्ट उलगडणे या दोन सवयींनी चांगली हेडेही वाकतात वा तडकतात.

पट्टी आणि पाती

रेडिएटरमध्ये बुडबुडे येणे, कोठेही गळती नसता पाणी कमी होणे, तेलाला दुधासारखा रंग येणे, सुरू होताना पांढरा धूर सुटणे ही लक्षणे सर्वपरिचित आहेत. परंतु ती सांधा फुटल्याची वा कोठेतरी भेग पडल्याची लक्षणे आहेत, हेड वाकल्याची नव्हेत. गॅस्केट जुने होऊन जळले असेल, बोल्ट ढिले पडले असतील किंवा लायनर खाली बसला असेल, तरीही हेच दिसते. येथेच पहिली गल्लत होते. लक्षण पाहून हेड थेट यंत्रावर चढविले जाते आणि सपाट असलेलेच हेड पुन्हा एकवार कापले जाते. त्याने निदान नुकसान तरी काय, असे वाटेल. पण प्रत्येक हेडच्या जाडीला एक किमान मर्यादा असते आणि विनाकारण कापलेला धातू परत मिळत नाही.

तपासणीची साधने दोनच: तंतोतंत सरळ धारेची पोलादी पट्टी, आणि निरनिराळ्या जाडीची पातळ पाती असलेला फीलर गेज. हेड पूर्ण निवल्यावर, जुन्या गॅस्केटचे अवशेष आणि काजळी काढून, पट्टी त्याच्या पृष्ठभागावर उभ्या धारेने ठेवावयाची. दोन्ही लांब कडांवर, मध्यातून, दोन्ही कर्णांवर आणि सिलिंडरांच्या मधून आडवी, अशा सर्व दिशांनी ती फिरविली पाहिजे. पट्टीखाली कोणते पाते शिरते ते पाहिले की बाक किती ते कळते. अनेक उत्पादकांच्या पुस्तिकांत ही मर्यादा ०.०५ ते ०.१५ मिलिमीटर या टप्प्यात सापडते. लांबीच्या दिशेने थोडी अधिक आणि रुंदीच्या दिशेने कमी, असाही भेद पुष्कळदा केलेला असतो. माणसाच्या केसाची जाडी याच पट्ट्यात येते, एवढे सांगितले म्हणजे हे काम डोळ्यांनी अथवा काचेचा तुकडा ठेवून होणारे नाही, हे पटावे. नेमकी मर्यादा त्या त्या इंजिनाच्या पुस्तिकेतूनच घ्यावी. शेजारच्या ट्रॅक्टरची मर्यादा आपल्या ट्रॅक्टरला लावू नये.

बाक मर्यादेच्या आत असेल, पृष्ठभागावर खोल ओरखडे किंवा पाण्याने खाल्लेले खड्डे नसतील, तर हेड कापण्याचे कारण उरत नाही. स्वच्छ करून नवे गॅस्केट बसविणे पुरेसे होते. मात्र पाण्याच्या छिद्राभोवती गंजून खड्डे पडले असतील आणि गॅस्केटची कड नेमकी तेथेच टेकत असेल, तर हेड सपाट असूनही त्याला फेस मारावा लागतो. एका सिलिंडरच्या पंपाचे हेड आखूड आणि जाड असल्याने सहसा वाकत नाही. त्याच्या बाबतीत हे खड्डेच अधिक आढळतात.

डिझेलचे हेड निराळे का

पेट्रोलच्या गाड्यांवर काम केलेला कारागीर पुष्कळदा सांगतो की, फेस मारला की कॉम्प्रेशन वाढते, बाकी काही होत नाही. डिझेलच्या बाबतीत हे दोन्ही बाजूंनी फसवे आहे. बहुसंख्य ट्रॅक्टर व ट्रकच्या इंजिनांत ज्वलनाची जागा पिस्टनच्या माथ्यावरील खळग्यात असते आणि हेडचा तळ सपाट असतो. असा सपाट तळ थोडा कापल्याने आतील जागा फारशी घटत नाही, म्हणून कॉम्प्रेशनही फारसे वाढत नाही. अडचण दुसरीकडेच उभी राहते. व्हॉल्व्हचे तोंड हेडच्या पातळीपेक्षा किंचित आत बसविलेले असते. हेड जेवढे कापावे तेवढा व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो, आणि वर आलेला पिस्टन व हेड यांतील अंतर तर कित्येक इंजिनांत एक मिलिमीटरच्याही आत असते. व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटला तर दुरुस्तीचा प्रश्न हेडपुरता उरत नाही.

हाच नियम नोझललाही लागू आहे. नोझलचे टोक तेवढेच अधिक बाहेर येते आणि डिझेलचा फवारा खळग्यातील नेमलेल्या जागी न पडता भलतीकडे पडतो. मग धूर वाढतो, इंधन अधिक लागते, पिस्टनचा माथा जळतो. म्हणून फेस मारल्यानंतर व्हॉल्व्हची खोली मोजून गरजेप्रमाणे सीट खाली कापणे आणि नोझलखालचा तांब्याचा वॉशर योग्य जाडीचा घालणे, ही कामे फेसिंगचाच भाग समजली पाहिजेत. ज्या अंदाजपत्रकात फक्त फेसिंग आहे आणि यांपैकी काहीच नाही, ते अंदाजपत्रक अपुरे आहे.

काही लहान डिझेल इंजिनांच्या हेडमध्ये ज्वलनासाठी स्वतंत्र कोठडी बसविलेली असते. अशा काही हेडांना फेस मारण्यास उत्पादकच स्पष्ट मनाई करतो. तेथे चर्चेस जागा नाही. हेड मर्यादेबाहेर वाकले असेल तर ते बदलणे एवढाच मार्ग असतो.

ज्यांचा कॅमशाफ्ट हेडच्या माथ्यावर फिरतो अशा इंजिनांत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. हेड वाकते तेव्हा तळाबरोबर कॅमच्या बेअरिंगांची ओळही वाकते. तळ कापून सपाट केला तरी वरची ओळ वाकडीच राहते आणि कॅमशाफ्ट अडकतो किंवा तुटतो. अशा वेळी आधी हेड सरळ करून घेणे किंवा कॅमची घरे पुन्हा एका ओळीत बोअर करणे आवश्यक ठरते, आणि तो खर्च नव्या हेडच्या किमतीशी ताडून पाहावा लागतो.

भेग असेल तर

वाकलेल्या हेडमध्ये भेग असण्याचा संभव मोठा असतो. कारण दोहोंचे मूळ एकच. म्हणून यंत्रावर चढविण्याआधी भेगेची तपासणी झाली पाहिजे, नंतर नव्हे. लाल रंगाचा पातळ द्रव लावून, पुसून, वर पांढरी भुकटी फवारली की भेगेतील लाल रेघ वर उमटते. बिडाच्या हेडसाठी चुंबकीय कणांची रीतही वापरतात. परंतु सर्वांत खात्रीची रीत म्हणजे दाबाची चाचणी: हेडमधील पाण्याच्या वाटा पट्ट्या लावून बंद करावयाच्या, आत हवेचा दाब द्यावयाचा आणि हेड गरम पाण्यात बुडवून बुडबुडे येतात काय ते पाहावयाचे. गरम पाणी अशासाठी की काही भेगा थंड असताना मिटलेल्या राहतात. दोन व्हॉल्व्हच्या सीटांमधील केसासारखी बारीक भेग काही उत्पादक ठराविक मापापर्यंत चालवून घेतात. पाण्याच्या वाटेपर्यंत पोचलेली भेग कोणीही चालवून घेत नाही. ॲल्युमिनियमचे हेड फार तापले असेल तर धातू मऊ पडतो, आणि मग सपाट केलेले हेडही बोल्ट आवळताच पुन्हा दबते. त्याचा कठीणपणा मोजून घेणे म्हणूनच शहाणपणाचे.

खालच्या ब्लॉककडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. तीच पट्टी, तीच पाती ब्लॉकवरही फिरविली पाहिजेत. बहुतेक ट्रॅक्टर-ट्रकच्या इंजिनांत लायनर वेगळे बसविलेले असतात आणि त्यांची कड ब्लॉकच्या पातळीपेक्षा मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकी वर ठेवलेली असते, म्हणजे गॅस्केट तेथे घट्ट आवळले जाते. एखादा लायनर खाली बसला असेल तर वरचे हेड आरशासारखे सपाट करूनही गॅस्केट तेथेच फुटणार. पंधरा दिवसांत परत आलेल्या इंजिनांपैकी पुष्कळांची कथा हीच असते.

निर्णय कसा घ्यावा

उदाहरणादाखल एक काल्पनिक हेड घेऊ. नवे असताना त्याची जाडी ९०.०० मिलिमीटर होती व पुस्तिकेप्रमाणे किमान जाडी ८९.६० आहे. आज ती ८९.८५ भरते, अर्थात पूर्वी एकदा फेस मारलेला आहे. बाक ०.१२ असून मर्यादा ०.१० आहे. सपाट करण्यासाठी समजा ०.१५ मिलिमीटर कापावे लागेल. शिल्लक जाडी ८९.७० राहील, ती चालेल. व्हॉल्व्हची खोली आज ०.९५ आहे, ती ०.८० होईल, पुस्तिकेची मर्यादा ०.७० ते १.२० असल्यास तीही चालेल. भेग नाही, ब्लॉक सपाट आहे. या हेडला फेस मारावा. आता हेच हेड ८९.७० वर आलेले असताना पुढील वेळी पुन्हा तेवढेच वाकून आले, तर कापण्यास फक्त ०.१० उरलेले असेल. त्या वेळी फेसिंगची रक्कम मंजूर करणे म्हणजे ती वाया घालविणे होय. नव्या हेडची मागणी करावी. दोन ओळींचे हे गणित आहे, पण पूर्वीचे आकडे कोणी लिहून ठेवले असतील तरच ते मांडता येते.

याशिवाय हेड तापले का, याचे उत्तर अंदाजपत्रकाबरोबर मिळाले पाहिजे. रेडिएटरच्या नळ्या बुजल्या होत्या, पंख्याचा पट्टा ढिला होता, थर्मोस्टॅट अडकला होता, पाण्याचा पंप झिजला होता की टाकीचे झाकण दाब धरत नव्हते, यांपैकी काहीतरी असतेच. आपल्याकडे बोअरचे जड पाणी सर्रास रेडिएटरमध्ये ओतले जाते. त्यातील क्षारांचा पांढरा थर हेडच्या पाणवाटांत आतून चढतो, उष्णता बाहेर पडू देत नाही, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. गावाला पाणी पुरविणाऱ्या टँकरचे इंजिन पाण्यानेच बिघडावे, हा योगायोग वाटतो तितका दुर्मीळ नाही. योग्य कूलंट आणि क्षारविरहित पाणी यांचा वर्षाचा खर्च एका हेडच्या कामापुढे किरकोळ आहे.

प्रत्यक्ष फेसिंग कोठे करावे यासंबंधीही थोडे सांगितले पाहिजे. हातातील चकतीच्या यंत्राने किंवा पॉलिश पेपर ठोकळ्यावर लावून घासलेले हेड चकाकते, सपाट होत नाही. कडा अधिक घासल्या जातात आणि मध्य तसाच राहतो. हे काम सरफेस ग्राइंडर किंवा मिलिंग यंत्रावरच झाले पाहिजे. पृष्ठभाग किती गुळगुळीत हवा हे गॅस्केटवर अवलंबून असते: जुन्या पद्धतीच्या गॅस्केटला किंचित खरखरीतपणा चालतो, परंतु पोलादी पत्र्यांच्या थरांचे नवे गॅस्केट बारीक पृष्ठभागाशिवाय सांधा धरत नाही. बसविताना बोल्टांची छिद्रे तेल-पाण्यापासून कोरडी करावी, बोल्ट मधून कडांकडे नेमलेल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्यानेच आवळावे. उलगडताना क्रम कडांकडून मध्याकडे. जे बोल्ट एकदाच वापरावयाचे आहेत ते पुन्हा वापरू नयेत.

तालुक्याच्या ठिकाणी ही मोजमापे कोण करून देईल, असा प्रश्न पंचायत सदस्य विचारतील. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये 'मेकॅनिक डिझेल' हा व्यवसाय शिकविला जातो. सरळ पट्टी आणि फीलर गेज ही त्यांच्या कार्यशाळेतील नित्याची साधने आहेत. मोठ्या रकमेच्या दुरुस्तीपूर्वी हेड अशा संस्थेतील निदेशकास दाखवून घेण्यास हरकत नसावी. कारागिराच्या कसबावर अविश्वास दाखविण्याचा हा प्रकार नाही. चांगला कारागीर मोजतोच. त्याला फक्त ते आकडे कागदावर लिहिण्यास सांगावयाचे आहे.

हे आकडे एका अर्ध्या पानावर मावतात: उघडल्यावर हेडची जाडी आणि बाक, भेगेच्या चाचणीचा निकाल, ब्लॉकचा बाक आणि प्रत्येक लायनरची उंची, कापलेली जाडी, कापल्यानंतर व्हॉल्व्हची खोली व नोझलचे बाहेर आलेले माप, बसविलेल्या गॅस्केटची जाडी, आणि तापण्याचे सापडलेले कारण. हे पान वाहनाच्या नोंदवहीत चिकटवावे. वाहन एका कार्यालयाकडून दुसऱ्याकडे गेले किंवा कारागीर बदलला तर कागद हरवू शकतो. म्हणून एकूण किती कापले तो आकडा आणि वर्ष हेडच्या बाजूला, सांध्याच्या पृष्ठभागापासून दूर, ठशाने उमटवून घ्यावे.